एकट्याचा पायीं प्रवास



भिवंडीहून पायीं निघालेल्या माणसास वाटेंत पहिला प्रश्न विचारण्यांत येतो, तो “काका, गाडी बिघडली का?” हा. विचारणारा तरुण मोटारसायकल थांबवून, एक पाय जमिनीवर टेकून, अगदीं मनापासून विचारीत असतो. “नाहीं बाबा, मी चालतच निघालों आहें,” असें उत्तर दिलें कीं तो क्षणभर आपणांकडे पाहतो आणि म्हणतो, “बसा मागें, सोडतों.” तेंही नाकारलें म्हणजे मात्र त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसूं लागते. ज्याला कोठें लवकर पोंचावयाचें नाहीं, ज्याच्या बरोबर कोणी नाहीं आणि पुढच्या गांवीं ज्याचें कांहीं काम नाहीं, असा मनुष्य या भागांत आतां दुर्मिळ झाला आहे. आज मी अशा माणसाविषयीं, आणि त्याहूनही अधिक तो ज्या वाटेनें चालतो त्या वाटेविषयीं, आपणांशीं बोलणार आहें.

प्रथम ‘सावकाश’ या शब्दाचा खुलासा केलेला बरा. धडधाकट मनुष्य सपाटीवर तासाला तीन मैल सहज चालतो. मी म्हणतों तो प्रवास तासाला दोन मैलांचा. उरलेला वेळ थांबण्यांत जातो. दिवसाकाठीं सहा मैल झाले तरी पुष्कळ, दहा म्हणजे कमाल. मोटारींतून जाणाऱ्यास गांवें पाट्यांवरून कळतात. पायीं जाणाऱ्यास गांव अगोदर चुलीच्या धुराच्या वासानें, मग कुत्र्याच्या भुंकण्यानें आणि शेवटीं विहिरीवरच्या बोलण्यानें कळतें. एकट्यानें जाण्याचें कारणही साधें आहे. दोघे निघाले कीं त्यांच्या आपसांत गप्पा चालतात, आणि गांवकरी त्यांत पडत नाहीं. एकट्याशीं तो बोलतो. कारण एकट्याची त्याला दया येते, किंवा त्याचा संशय येतो. प्रवाशाच्या दृष्टीनें दोन्ही उपयोगाचेंच.

हा नाद मला उतारवयांत लागला, आणि तो इंग्लंडांत लागला, हें कबूल करतांना थोडा संकोच वाटतो. माझी मुलगी मँचेस्टरजवळ राहते. एका मे महिन्यांत मी तिच्याकडे गेलों होतों. ती आणि जांवई दिवसभर कामावर, मी खिडकींत. माझा कंटाळा पाहून तिनें उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशाचें तिकीट काढून दिलें आणि एक नकाशा हातांत ठेवला. केंडल या गांवीं उतरून स्टेव्हली, तेथून केंटमिअरचें खोरें, मग गार्बर्नची खिंड चढून ट्राउटबेक आणि शेवटीं विंडरमिअरचें स्टेशन, असा रस्ता मीं धरला. दमदार इंग्रज तो एका दिवसांत संपवील. मला तीन दिवस लागले, आणि त्याचें मला वाईट वाटलें नाहीं.

तो सारा मुलूख गडग्यांचा आहे. कोंकणांत चुना न वापरतां दगडावर दगड रचून जें कुंपण घालतात त्यास आपण गडगा म्हणतों. तसलेच गडगे तेथें डोंगराच्या पोटापासून माथ्यापर्यंत सरळ चढत गेलेले दिसतात. मध्यें हिरवीं कुरणें, त्यांत मेंढ्या आणि नुकतीं जन्मलेलीं कोंकरें. वाट गडग्यापाशीं येऊन थांबल्यासारखी वाटते. जवळ जाऊन पहावें तों भिंतींतले तीन-चार लांब दगड मुद्दाम बाहेर काढून त्यांच्या पायऱ्या केलेल्या असतात. कोठें कोठें एक लहानसें फाटक असतें. तें कोनाड्यासारख्या कुंपणांत असें फिरतें, कीं एक मनुष्य अंग चोरून पार होतो, पण मेंढरूं होत नाहीं. खांबावर पिवळा बाण, नकाशावर हिरवी तुटक रेघ. या दोहोंवर विसंबून परका मनुष्य, भाषेचा एक शब्दही न बोलतां, दिवसभर दुसऱ्यांच्या शेतांतून चालूं शकतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र मी एका शेतकऱ्याच्या घरापाशीं अडलों. हिरवी रेघ सरळ त्याच्या अंगणांतून गेली होती. अंगणांत ट्रॅक्टर उभा, दारांत चिखलाचे बूट काढून ठेवलेले, दोरीवर कपडे वाळत घातलेले. परक्याच्या अंगणांतून, तेंही परदेशांत, न विचारतां कसें जावें? पांच मिनिटें मी फाटकाशीं उभा राहिलों. घरांतून एक बाई बाहेर आल्या. मीं टोपी काढली आणि आपल्या अंगणांतून जाण्याची परवानगी मिळेल काय, असें विचारलें. बाईंस प्रश्नच कळेना. कळला तेव्हां त्या हंसल्या. परवानगी देणारी मी कोण, वाट तुमचीच आहे, असें म्हणून त्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, जातांना फाटक तेवढें लावून घ्या, कोंकरें बाहेर जातात. आपल्या गांवीं मला पुष्कळांनीं प्रेमानें जाऊं दिलें आहे; पण ‘वाट तुमचीच आहे’ असें आजवर कोणी म्हटलें नव्हतें.

मुक्कामीं परतल्यावर मीं या प्रकाराची चौकशी केली. इंग्लंड व वेल्स मिळून अशा हक्काच्या वाटा सुमारें १,४०,००० मैल भरतात. जमीन खाजगी मालकीची असते. तिच्यावरून जाण्याचा हक्क मात्र सर्वांचा असतो. शेताच्या मधून गेलेली वाट शेतकऱ्यास नांगरतां येते, पण नांगरल्यापासून चौदा दिवसांच्या आंत ती पुन्हां जमिनीवर उमटवून द्यावी लागते, आणि उभ्या पिकांतही ती निदान एक मीटर रुंद मोकळी ठेवावी लागते. एखादी वाट लोक वीस वर्षें उघडपणें आणि विनाहरकत वापरीत आले, तर ती सार्वजनिक वाट म्हणून मोकळी केली आहे असें कायदा धरून चालतो. म्हणूनच कांहीं सावध जमीनदार वर्षांतून एक दिवस फाटकास कुलूप घालीत. हेतु हा कीं, ही वाट मीं लोकांना दिलेली नाहीं, असें पुढेंमागें दाखवितां यावें. १९४९ सालच्या कायद्यानें प्रत्येक परगण्याच्या कौन्सिलास आपल्या हद्दींतील वाटांचा पक्का नकाशा करावयास लावलें. त्या नकाशावर जी वाट चढली, ती आहे कीं नाहीं हा वादच उरला नाहीं. पिवळा बाण पायीं जाणाऱ्याचा. निळा असेल तर घोडेस्वारालाही मोकळीक.

येथें कोणी असें समजूं नये कीं इंग्रज जमीनदार मोठे उदार. रेघ सोडून शेतांत पाऊल टाकलें कीं तोच सन्मान्य पांथस्थ घुसखोर ठरतो. आणि ही रेघ तरी कोणी दान दिलेली नाहीं. मँचेस्टरमध्यें जुन्या पायवाटा वांचविण्यासाठीं १८२६ सालींच मंडळी स्थापन झाली, कारण गिरण्या उभ्या राहूं लागल्या तशा वाटा बंद होऊं लागल्या होत्या. बोल्टन या सुताच्या गांवाजवळ विंटर हिल नांवाचा डोंगर आहे. त्यावर जाणारी वाट तेथील जमीनदारानें शिकारीच्या पक्ष्यांसाठीं बंद केली, तेव्हां १८९६ च्या सप्टेंबरांत एका रविवारीं सुमारें १०,००० माणसें फाटक ओलांडून डोंगरावर गेलीं. कोर्टांत निकाल मालकाच्या बाजूनें लागला. पुढें २४ एप्रिल १९३२ रोजीं मँचेस्टरच्या बाजूचे कांहीं शें तरुण-तरुणी किंडर स्काउट नांवाच्या पठारावर ठरवून, दिवसाढवळ्या, बंदी मोडून चढले. रखवालदारांशीं झटापट झाली आणि पांच तरुणांस दोन ते सहा महिन्यांची सजा झाली. सजा दंग्याबद्दल होती, चालल्याबद्दल नव्हती. दुसऱ्याच्या जमिनींत नुसतें पाऊल टाकणें हा तेथें फौजदारी गुन्हाच नव्हता. परंतु लोकांनीं त्याचा अर्थ काय घ्यावयाचा तो घेतला. सतरा वर्षांनीं १९४९ चा कायदा आला. २००० सालच्या कायद्यानें डोंगर, माळ आणि गायरानें यांवर वाट सोडूनही हिंडण्याची मुभा मिळाली. आणि २००२ सालीं, ज्या घराण्याची ती जमीन होती त्या घराण्याच्या ड्यूकनें सत्तर वर्षांपूर्वींच्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली.

हे भांडणारे लोक कोण होते, तर बहुतेक गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या गांवांत राहणारे. सहा दिवस यंत्रांच्या खडखडाटांत काढल्यावर सातव्या दिवशीं कानांना कांहीं ऐकूं न येणें हेंच ज्यांचें सुख, असे. माझ्या प्रवासाच्या शेवटीं, ट्राउटबेकहून विंडरमिअरला उतरतांना, ऑरेस्ट हेड नांवाची एक टेकडी लागते. उंची अवघी ७८४ फूट; आपल्या माहुलीपुढें ती म्हणजे वारूळ. पण वर गेल्यावर सरोवर आणि त्यामागची सारी डोंगरांची रांग एकदम समोर येते. १९३० सालीं आल्फ्रेड वेनराइट हा तेवीस वर्षांचा तरुण प्रथम या टेकडीवर आला. गवंड्याचा मुलगा, तेराव्या वर्षीं शाळा सुटलेली, नगरपालिकेच्या कचेरींत कारकुनी. त्या दर्शनानें त्याचें आयुष्यच बदललें. १९४१ सालीं त्यानें केंडलला नोकरी मिळविली, आणि १९५२ पासून तेरा-एक वर्षें, सुटी मिळेल तेव्हां, बहुतेक एकट्यानें, तो एकेक डोंगर चढत राहिला. मोटार त्याला चालवितां येत नसे. बसनें जाई, पायीं हिंडे, शेवटच्या बसनें परत येई. रात्रीं बसून तो पाहिलेलें हातानें लिही आणि रेखाटी. त्याच्या त्या हस्ताक्षरांतच छापलेलीं सात पुस्तकें १९५५ ते १९६६ या काळांत प्रसिद्ध झालीं. त्यांत २१४ डोंगर आहेत. १९९१ सालीं तो वारला. सावकाश आणि एकट्यानें हिंडण्याचें याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां भिवंडीकरांनीं थोडा कान द्यावा. हा वेनराइट जन्मला ब्लॅकबर्न येथें, म्हणजे मागांच्या गांवीं. आणि याच ब्लॅकबर्नमध्यें १८४२ सालीं बुलो आणि केनवर्दी या दोघांनीं ‘लँकेशायर माग’ म्हणून पुढें प्रसिद्ध झालेला यंत्रमाग सिद्ध केला. भिवंडीच्या गल्लीबोळांतून आज जो साधा माग रात्रंदिवस धोटा फेंकीत असतो, तो त्याच कुळांतला. तें यंत्र आपण घेतलें, त्याचा आवाज घेतला, त्याचा कापूस-धुरळा छातींत घेतला. त्या आवाजांतून सुटण्याची जी वाट तेथल्या मागवाल्यांनीं भांडून मिळविली, ती मात्र जहाजांत चढली नाहीं.

एकट्यानें पायीं हिंडणें आपल्याला नवें आहे, असें मात्र नव्हे. वाटसरू, पांथस्थ, फिरस्ता, यात्रेकरू, किती तरी शब्द आपल्या भाषेंत या एका माणसासाठीं आहेत. त्याच्या सोयीसाठीं दिवसाच्या चालीवर मुक्काम असे. मुक्कामास धर्मशाळा, वाटेंत विहीर, गांवाच्या तोंडाशीं वडाचा पार आणि उन्हाळ्यांत पाणपोई. नर्मदेची परिक्रमा करणारा आजही नदी न ओलांडतां तिच्या दोन्ही तीरांनीं चालत जातो. परंपरेचें तिचें माप तीन वर्षें, तीन महिने, तेरा दिवस, आणि सावकाशपणाचें याहून शास्त्रशुद्ध माप कोणी केलें असेल असें वाटत नाहीं. गो. नी. दांडेकरांनीं ती वाट तुडविली आणि पुढें ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्या अनुभवांतून लिहिली. पण या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. आपला पांथस्थ देवाकडे चाललेला असतो. देव मध्यें असला कीं त्याला कोणी अडवीत नाहीं आणि कोणी प्रश्नही विचारीत नाहीं. नुसताच हिंडणारा मनुष्य आपल्या हिशेबांत बसत नाहीं.

याचा अनुभव मला परत आल्यावर पहिल्याच फेरींत आला. लोणाडला जावयाचें ठरवून एका मार्गशीर्षांत पहाटे मीं घर सोडलें. हा महिना मुद्दाम निवडला. इंग्लंडांत बारा महिने चालतां येतें. आपल्याकडे आषाढ-श्रावणांत खाचरांत गुडघाभर पाणी आणि वैशाखांत डोक्यावर आग. भाताच्या मुलखांतील पायवाटेचा एक न्याराच धर्म आहे. पावसाळ्यांत वाट म्हणजे बांध. दोन बाजूंस उभें भात आणि मध्यें वीतभर रुंदीचा, गवतानें निसरडा झालेला बांध. समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली तर एकानें पायांवर बसून वाट द्यावयाची. कापणी होऊन भात खळ्यावर गेलें कीं मात्र सारें शिवार एक होतें. गुरें मोकळीं सुटतात, बांध कोणी पाहत नाहीं, आणि जो तो नाकासमोर सरळ कोंड्याभुशांतून चालत सुटतो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत जमीन कोणाची हा प्रश्न कोणी काढीत नाहीं. इंग्लंडांतल्या हिरव्या रेघेहून ही मोकळीक किती तरी मोठी. फरक इतकाच कीं, हिच्यासाठीं कोठेंही कागद नाहीं.

रांजनोलीच्या नाक्यावर महामार्ग ओलांडणें हा या प्रवासांतला सर्वांत कठीण भाग. गार्बर्नची खिंड त्यापुढें कांहींच नव्हे. मालाच्या लांबलचक गाड्यांची रांग संपेपर्यंत मी पाव तास उभा होतों. सोनाळ्याच्या पुढें लोणाडची बाजू धरली कीं मात्र आवाज मागें पडतो. लहानशी टेकडी, तिच्या कुशींत पांचव्या-सहाव्या शतकांतलें कोरलेलें बौद्ध लेणें. आंत राजसभेचा देखावा असलेलें एक मोठें शिल्प आहे. माणसें अजून ओळखूं येतात, चेहरे मात्र झिजले आहेत. गांवकऱ्यांनीं तेथें देवी मानली आहे, त्यामुळें झाडलोट होते आणि दिवा लागतो. खालीं गांवांत शिलाहारांच्या काळचें शिवमंदिर आहे, पडझड झालेलें, तरी कोरीव.

लोणाडलगतच्या चौधरपाड्याचा एक शिलालेख प्रसिद्ध आहे. शिलाहार राजा केशिदेव याचा, शके ११६१ चा. तो गद्धेगाळ आहे. म्हणजे वर सूर्यचंद्र, मध्यें दानाचा लेख आणि खालीं, हें दान जो मोडील त्याला देण्याची एक शिवी, चित्रासह. ती मी आपल्यापुढें उच्चारूं शकत नाहीं. पण त्यामागचा विचार साधा होता. राजा जाईल, कारभारी जाईल, कागद कुजेल. दगडावरची शिवी टिकेल. ती जवळजवळ आठशें वर्षें टिकली आहे.

लेण्यापाशीं बसून भाकरी खात असतां एक म्हातारी लांकडाची मोळी टेकून विसांवली. तिनें विचारलें, “कुणाकडं आलांत?” कोणाकडेही नाहीं, असें मीं सांगितलें. “मग जमीन बघाय आलांत?” तेंही नाहीं. ती विचारांत पडली. जमीन घेणारे, जमीन मोजणारे आणि देवाला येणारे, या तीन जातींचीं परकीं माणसें तिनें पाहिलेलीं; चौथी तिला ठाऊक नव्हती. शेवटीं तीच म्हणाली, “देवीला आलांत म्हणा कीं.” मीं हो म्हटलें, आणि आम्हां दोघांसही बरें वाटलें. तेव्हांपासून कोणी विचारलें तर मी देवाचें नांव सांगतों. वज्रेश्वरीकडे जातांना तर तें सोपेंच आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजीअप्पांनीं तें देऊळ बांधविलें. तानसेच्या कांठची तेथलीं ऊन पाण्याचीं कुंडें पाय शेकावयास उत्तम, आणि थकलेल्या माणसाला कोणी कारण विचारीत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सारें सांगितलें, तिच्याकडे येतों. परततांना मीं आत्याच्या गांवची वाट धरावयाची ठरविलें होतें. गांवाचें नांव सांगत नाहीं. कोणाचें उणें काढावयाचें नाहीं. लहानपणीं सुटीत आम्ही एस्. टी.तून फाट्यावर उतरून त्या वाटेनें जात असूं. आंब्याची जोडी, मग ओढा, ओढ्यांत एक सपाट काळा दगड, तो ओलांडला कीं आत्याचें शेत. चाळीस वर्षांनंतरही पाय आपोआप वळले. आंब्याची जोडी नव्हती. जेथें ती होती तेथें दहा फूट उंचीची भिंत होती, तिच्यामागें निळ्या पत्र्याचें गोदाम आणि भिंतीला एक लोखंडी दरवाजा. पहारेकरी बिचारा परप्रांतांतला. त्यानें अदबीनें सांगितलें कीं, इकडून रस्ता नाहीं. मीं म्हटलें, होता. तो म्हणाला, “साहेब, मी येऊन दोनच वर्षें झालीं.” त्याचें म्हणणें खोटें नव्हतें.

हीं गोदामें कां झालीं, हें आपण जाणतां. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशीं, अशी भिवंडीची जागा. माल येथें उतरावयाचा, ठेवावयाचा आणि लागेल तसा आंत न्यावयाचा. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला आणि जकात गेली, पण तोंवर धंदा रुजला होता. त्यावर हजारों घरें जगतात. आत्याच्या नातवालाही तेथेंच काम आहे. तेव्हां गोदामाला शिव्या देण्यांत अर्थ नाहीं.

घरीं आल्यावर मीं एक काम केलें, तें आपणांपैकीं कोणालाही करतां येण्यासारखें आहे. भूमि अभिलेखाच्या कचेरींतून त्या गांवाचा नकाशा मिळविला. गांवनकाशांत गाडीवाट दोन तुटक रेघांनीं आणि पायवाट एका तुटक रेघेनें दाखवितात. आमची वाट त्यांत होती. फाट्यापासून ओढ्यापर्यंत, एक तुटक रेघ, बरोबर आंब्यांच्या जागेवरून. पायवाटेची रुंदी सवाआठ फूट धरतात. हा आंकडा विचित्र वाटतो, पण त्यामागें साखळी आहे. आपल्याकडील मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. सवाआठ फूट म्हणजे चार आणे. अशी एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. ही ३३ फुटांची साखळी इंग्रजांच्या ६६ फुटी गुंटर साखळीची निम्मी, आणि तिकडचा एकरही त्याच साखळीनें मोजलेला. म्हणजे केंटमिअरच्या खोऱ्यांत आणि आत्याच्या शेतांत जमीन एकाच मापानें मोजली गेली, दोन्हीकडे नकाशावर तुटक रेघ उमटली. एका रेघेवरून मी परक्याच्या अंगणांतून गेलों. दुसरीवर भिंत उभी आहे.

कायदा आपल्याकडे अगदींच नाहीं असें नव्हे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यांतही वीसच वर्षांचा वापर सांगितला आहे. पण तो हक्क बहुधा एका जमिनीचा दुसऱ्या जमिनीवर, सर्व जनतेचा नव्हे. मामलेदार कोर्टांच्या १९०६ च्या कायद्यान्वयें, शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊं शकतात, आणि तेंही थोड्या खर्चांत. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज करावा लागतो. तिकडे वीस वर्षांच्या चालण्यानें वाट जन्माला येते. इकडे सहा महिने गप्प बसल्यानें हा सोपा दरवाजा बंद होतो, मग दिवाणी कोर्टाचा लांबचा फेरा. आणि दाद मागणारा शेतकरी लागतो. नुसता हिंडणारा तेथें उभाच राहूं शकत नाहीं. आत्याचें शेत तिच्या मुलांनीं विकलें. ज्यांनीं विकलें त्यांना वाट नको, ज्यांनीं घेतलें त्यांना वाट नको. ओढ्यापलीकडे ज्या चार घरांना ती हवी होती, त्यांना सहा महिन्यांची गोष्ट कोणी सांगितली नाहीं.

मीं नकाशाची प्रत त्या चार घरांत नेऊन दिली. एका वृद्ध गृहस्थांनीं ती उजेडांत धरून रेघेवरून बोट फिरविलें, काळा दगड कोठें येतो तें मला विचारलें, आणि मग ती घडी करून देव्हाऱ्यामागें ठेवली. पंचायतीपुढें ठेवूं, असें ते म्हणाले. ठेवली किंवा नाहीं, मीं पुन्हां विचारलें नाहीं.

आपणांपैकीं ज्यांना एकट्यानें निघावयाचें असेल त्यांनीं दिवाळीनंतर निघावें, उन्हें होण्यापूर्वीं निघावें, आणि दोन प्रहरीं कोठें तरी झाडाखालीं असावें. पाणी बरोबर ठेवावें; विहिरी आहेत, पण पोहरे राहिले नाहींत. महामार्गाच्या कडेनें चालूं नये. तानसेचें पाणी १८९२ पासून मुंबईस जातें, त्याचे प्रचंड नळ या तालुक्यांतूनच गेले आहेत. वाट चुकलीच तर नळ दिसेपर्यंत चालावें, म्हणजे दिशा कळते. परत येण्यास बस घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं, वेनराइटही घेत असे.

गेल्या मार्गशीर्षांत मी पुन्हां त्या भिंतीपाशीं गेलों. तिला वळसा घालून ओढ्याकडे जावयास पाऊण मैल अधिक पडतो. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, गोदामाच्या सांडपाण्याच्या चराला लागून, गवत दबून एक माग उमटूं लागला होता. दीड वीत रुंद असेल. त्यावर गुरांचे खूर होते, अनवाणी पावलें होतीं, आणि एका ठिकाणीं चर ओलांडण्यासाठीं कोणी तरी एक सपाट दगड आणून टाकला होता.